रक्तातली जुनी ओळख

डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि खरी गुंतागुंत तिथेच सुरू होते. एका प्रकाराने गाठले की त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात वर्षानुवर्षे राहतात. पण पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर हीच प्रतिपिंडे त्या विषाणूला चिकटतात आणि निकामी मात्र करू शकत नाहीत. उलट पेशीत शिरायला त्याला वाट करून देतात. दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जिवावर बेतण्याची भीती जास्त, ती यामुळे.

फिलिपिन्सने २०१६ मध्ये शाळकरी मुलांना ‘डेंगव्हॅक्सिया’ ही डेंग्यूवरची लस द्यायला सुरुवात केली. आठ लाखांहून अधिक मुलांनी ती घेतली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादक कंपनीनेच जाहीर केले, की पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना लसीनंतर लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. त्यांच्या शरीराने लसीलाच पहिला डेंग्यू मानले असावे, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. मोहीम थांबली. मात्र धास्तावलेल्या आईबापांचा इतर लसींवरचा विश्वासही डळमळला, हे मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेक यांच्या ‘डेंगीऑल’ या एका मात्रेच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी सुरू झाली. दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर दोन वर्षे लक्ष ठेवायचे आहे. ही दोन वर्षे कुणी वाया गेलेली मानू नयेत. प्रतिपिंडे किती, एवढ्यावर भागत नाही. ती कोणत्या प्रकाराविरुद्धची, खरोखर विषाणूला रोखणारी की नुसती चिकटणारी, आणि लस घेण्याआधी रक्तात काय होते, हे सारे तपासावे लागते. या अंकातला मुख्य लेख त्याच तपासाविषयी आहे.