सिद्धता

उद्याची चिंता करण्यास प्रभूने मना केले आहे. सबब पूर्वतयारी करणे हा अविश्वासच होय, असे कित्येक म्हणतात. आम्हांस हे मत मान्य नाही. मत्तयाच्या ज्या शुभवर्तमानात ही शिकवण सहाव्या अध्यायी आहे, त्याच्याच पंचविसाव्या अध्यायी दिव्यांबरोबर तेलही घेणाऱ्या पाच कुमारींस शहाण्या म्हटले आहे. चिंता हात बांधते. सिद्धता ते मोकळे करते. पंडिता रमाबाईंनी केडगावची जमीन शाळेच्या उत्पन्नासाठी घेऊन ठेविली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात तीच शेकडो निराधार मुलींचा आसरा झाली. विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या आदल्या रात्री तेल मागावयास कोणाच्या दारी जाल? विद्या उसनी मिळत नाही, तशी श्रद्धाही मिळत नाही. आईबापांची प्रार्थना मुलांस आधार देईल खरी; परंतु प्रत्येकाचा दिवा ज्याच्या त्याच्या तेलानेच जळावयाचा.