माँट्रियलची घंटा

एम.ए.च्या वर्गात रोलाँ बार्थ शिकवताना त्याच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकातील कुस्तीवरचा निबंध घेतला, की मागच्या बाकावरून एक प्रश्न ठरलेला असतो : "पण सर, ते सगळं खोटंच असतं ना?" विचारणाऱ्याच्या मनात कोल्हापूरच्या खासबागेतील मातीवरची कुस्ती नसते, दूरचित्रवाणीवर पाहिलेली, झगमगीत पोशाखांची अमेरिकी व्यावसायिक कुस्ती असते. आम्ही बार्थच्याच आधाराने उत्तर देत आलो आहोत. हा क्रीडाप्रकार नव्हे, प्रयोग आहे. नाटकातील खून खोटा असतो म्हणून नाटकाला कोणी लबाडी म्हणत नाही. निकाल आधी ठरलेला आहे की नाही याच्याशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते. वेदना, पराभव आणि न्याय त्याला डोळ्यांसमोर घडताना पाहायचे असतात. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते देताना हल्ली आम्ही अडखळतो, आणि त्याला कारण आहे ब्रेट हार्ट आणि शॉन मायकल्स यांचे वैर.

आज चाळिशीत असलेल्या आमच्या पिढीला ही नावे परकी नाहीत. मधल्या सुट्टीत कुस्तीगिरांच्या कार्डांचा डाव मांडून उंची, वजन आणि छातीचे आकडे आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले होते. केबलवर कुस्ती लागली की घरातील वडीलधारे नाक मुरडत आणि दारातून पाहत उभे राहत. त्या वयात आम्हाला ब्रेट हार्ट आवडे, कारण तो रिंगणात उतरताना पहिल्या रांगेतील एखाद्या मुलाला आपला गॉगल देऊन टाकी. मायकल्स आवडे तो वर्गातील व्रात्य मुलांना. पुढे मराठी विषय घेतला, समीक्षाशास्त्र शिकलो आणि ही आवड सांगण्याजोगी राहिली नाही. आज ती पुन्हा बाहेर काढतो आहोत ते गतकाळाच्या हळवेपणाने नव्हे. नट आणि त्याची भूमिका यांच्यातील नात्याविषयी आम्ही वर्गात जे बोलतो, त्याची इतकी कठोर परीक्षा आम्हाला दुसऱ्या कोणत्या घटनेत दिसलेली नाही.

हार्ट हा कॅनडातील कॅलगरीचा. वडील स्टू हार्ट स्वतः मल्ल आणि कुस्तीचे आयोजक. घराच्या तळघरात त्यांनी कित्येक मल्ल घडवले. कुस्ती हा या घराण्याचा कुळाचार होता म्हणा ना. मायकल्स टेक्सासमधील सॅन अँटोनिओचा, विलक्षण चपळ आणि तितकाच लहरी. ३१ मार्च १९९६ रोजी अनाहाइम येथे दोघांची साठ मिनिटांची लढत झाली. ठरल्या वेळात अधिक वेळा जो जिंकेल तो विजेता. तासभरात एकदाही निकाल लागला नाही, वेळ वाढवली गेली, आणि मायकल्सने हार्टकडून विजेतेपद घेतले.

'घेतले' हे क्रियापद येथे सैलपणे वापरले. या व्यवसायात विजय कोणी घेत नाही. पराभूत होणारा तो देतो. आपली मान, पाठ, गुडघे प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपवून तो त्याला प्रेक्षकांच्या नजरेत मोठा करतो. हे देणे कधीतरी फिटेल, अशी अपेक्षा त्यामागे असते. हार्टची तशी अपेक्षा होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये मायकल्सने गुडघ्याच्या दुखापतीचे कारण सांगून आणि आपले हसू हरवले आहे असे म्हणून विजेतेपद सोडले, तेव्हा ही परतफेड टाळण्याची युक्ती आहे असा संशय हार्टच्या मनात बसला. तो खरा होता की खोटा, हे दूर बसून ठरवण्याचा अधिकार आम्हाला नाही. वैराचे मूळ मात्र तेथे होते.

त्यानंतरचे महिने साहित्याच्या विद्यार्थ्याने अभ्यासावेत असे आहेत. हार्टच्या पात्राला तोवर कोणी दिले नसेल असे वळण दिले गेले : अमेरिकेत तो खलनायक, कॅनडात नायक. तेच भाषण एका देशात शिव्या खाई आणि सरहद्द ओलांडली की टाळ्या घेई. रिंगणात दोघे एकमेकांना जे टाकून बोलत, त्यात संहिता कोठे संपते आणि माणूस कोठे सुरू होतो हे कळेनासे झाले. मे महिन्यात मायकल्सने प्रक्षेपणातच हार्टच्या खाजगी आयुष्यावर शिंतोडे उडवले. जूनमध्ये कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे पडद्याआड, प्रेक्षक नसताना, दोघांची खरी मारामारी झाली. ऑगस्टमध्ये हार्ट पुन्हा विजेता झाला, त्या लढतीत पंच होता मायकल्स.

दरम्यान कंपनीचा मालक व्हिन्स मॅकमहन आर्थिक अडचणीत होता. १९९६ मध्ये त्याने हार्टशी वीस वर्षांचा करार केला होता. वर्षभरातच तो परवडत नसल्याचे सांगून त्याने हार्टला प्रतिस्पर्धी कंपनीकडे जाण्याची मोकळीक दिली. आता विजेतेपद सोडून जाणे आले. सोडायचे कोणासाठी? मायकल्ससाठी. कोठे? माँट्रियलमध्ये, म्हणजे कॅनडातच. हार्टने नकार दिला. त्याच्या सांगण्यानुसार, मी तुझ्यासाठी हरायला तयार आहे असे त्याने पूर्वी मायकल्सला सांगितले होते, आणि मी तुझ्यासाठी असे करणार नाही असे उत्तर त्याला मिळाले होते. करारातील शेवटच्या महिन्यात आपल्या पात्राचे काय व्हावे याबाबत वाजवी मर्यादेत बोलण्याचा अधिकारही कराराने त्याला दिला होता. अन्य ठिकाणी वा अन्य मार्गाने विजेतेपद सोडण्यास तो राजी होता. अखेर असे ठरले की माँट्रियलची लढत गोंधळात, निकालाविना संपेल.

९ नोव्हेंबर १९९७. लढत रंगात आली असताना मायकल्सने हार्टला हार्टच्याच 'शार्पशूटर' या पकडीत घेतले. दोन्ही पाय गुंतवून पाठ मागे वाकवणारी ही पकड. समोरच्याने सहकार्य केल्याशिवाय ती सहजी बसत नाही. हार्टने सहकार्य केले, कारण पुढच्या क्षणी आपण ती उलटवणार हे त्याला ठाऊक होते. त्याने शरणागती दिली नव्हती. तरीही रिंगणालगत उभ्या असलेल्या मॅकमहनने घंटा वाजवण्याचे फर्मान सोडले, पंच अर्ल हेब्नरने इशारा केला आणि मायकल्स विजेता ठरला. हार्ट उठून मॅकमहनच्या तोंडावर थुंकला, बोटाने हवेत नव्या कंपनीची आद्याक्षरे लिहिली, कडेचे दूरचित्रवाणी संच फोडले. पुढे बंद खोलीत त्याने मॅकमहनला ठोसा मारून पाडले. मायकल्सने या कटाची माहिती असल्याचे कित्येक वर्षे नाकारले आणि मग मान्य केले. योगायोगाने त्याच काळात पॉल जे हा दिग्दर्शक हार्टवर माहितीपट करत होता. त्यामुळे लढतीच्या दिवशीचे हार्ट-मॅकमहन संभाषण ध्वनिमुद्रित झाले, आणि 'रेसलिंग विथ शॅडोज' (१९९८) मध्ये जगाला ऐकायला मिळाले.

मालकाची बाजूही समजून घ्यायला हवी. डिसेंबर १९९५ मध्ये मॅकमहनच्या कंपनीची महिला विजेती प्रतिस्पर्ध्यांकडे गेली आणि तिने कंपनीचा पट्टा त्यांच्या कार्यक्रमात कचऱ्याच्या डब्यात टाकला होता. पुन्हा तसेच घडेल ही भीती निराधार नव्हती. हार्टनेच हार्टला फसवले, असे मॅकमहनने नंतर मुलाखतीत सांगितले. जाताना हरून जाणे ही या व्यवसायाची रीत आहे आणि ती हार्टने मोडली, असा त्याचा युक्तिवाद. आमच्या परिचयातील अनेक जाणत्यांनाही तो पटतो. कंपनी मालकाची, पात्र मालकाचे. मग शेवट मालकाचा का नसावा? एका खोट्या पट्ट्यासाठी माणसाने इतका जीव का टाकावा?

आमचे मत याविरुद्ध आहे. हार्टचा हट्ट अवाजवी होता असे घटकाभर धरू. आपल्या पात्राची प्रतिष्ठा त्याने स्वतःच्या अंगाला चिकटू दिली होती, हे तर त्याच्या २००७ सालच्या आत्मचरित्रातही पानोपानी दिसते. शेवट ठरवण्याचा अधिकार मालकाचा होता, हेही मान्य करू. मग त्याने हार्टला समोर बसवून तसे सांगायचे होते, आणि नकार आला तर लढतच रद्द करायची होती. तसे न करता त्याने हार्टच्या संमतीचा उपयोग हार्टविरुद्ध केला. हार्टने शरीर स्वाधीन केले ते एका शब्दावर, आणि तो शब्द देतानाच खोटा होता.

कोकणातील दशावतार येथे आठवतो. तेथे संवाद लिहिलेले नसतात. कथानक आणि शेवट ठरलेला, बाकी रंगमंचावर सुचेल ते. राक्षस मरणार हे प्रेक्षकाला, देवाला आणि राक्षसालाही ठाऊक असते. राक्षसाचे सोंग घेतलेला नट तलवारीपुढे मान करतो, कारण ती कोठे थांबणार याची त्याला खात्री असते. ही खात्री काढून घ्या, म्हणजे उरते ती केवळ तलवार. व्यावसायिक कुस्तीतील निकाल खोटा, वैर खोटे, संताप खोटा. खरी गोष्ट एकच, समोरच्याच्या हाती दिलेल्या शरीराची त्याने राखायची काळजी. ती चुकून सुटली तरी काय होते, हे हार्टने पुढे भोगले. डिसेंबर १९९९ मध्ये नव्या कंपनीत एका सहकाऱ्याची लाथ, कोणताही दुष्टावा नसताना, जोरात डोक्यावर बसली आणि त्या आघाताने पुढच्या वर्षी त्याची कारकीर्द संपवली. त्याआधी त्याच वर्षी, मे महिन्यात, त्याचा धाकटा भाऊ ओवेन मॅकमहनच्याच कंपनीच्या एका कार्यक्रमात छतावरून दोराने खाली उतरण्याच्या प्रसंगात पडून मरण पावला. खोट्या खेळातील धोका हा असा खरा असतो.

प्रेक्षकाचे काय? न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी' आम्ही परीक्षेपुरती शिकवतो. आपले स्वत्व न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरणे, आणि या दुहेरी अवस्थेत आनंद घेणे. व्यावसायिक कुस्तीचा प्रेक्षक या समाधीचे उत्तम उदाहरण आहे. हे सारे करमणूक आहे असे खुद्द मॅकमहनच्या कंपनीने १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे कबूल केले होते. त्यानंतरही लोक येत आणि ओरडत राहिले. माँट्रियलच्या रात्री या समाधीतील विकल्पच नाहीसा झाला. समोर चाललेला अपमान पात्राचा नसून माणसाचा आहे, हे उमगले आणि प्रेक्षागार खवळले.

खरी खंत पुढच्या गोष्टीची वाटते. या घटनेने धंदा बुडाला नाही, उलट भरभराटला. मॅकमहनने आपल्या दुष्कीर्तीतूनच 'मिस्टर मॅकमहन' हा खलनायक उभा केला. माँट्रियलचा शेवट वर्षभरातच दुसऱ्या मल्लांना घेऊन कथानक म्हणून पुन्हा वापरला गेला. 'हे मात्र खरे आहे बरे का' असे सुचवणे हीच त्यानंतर विकण्याची वस्तू झाली. ज्याला खरा अपमान पाहण्याची चटक लागली, त्याला सोंगातील अपमान अळणी लागतो. आत्मचरित्रे वाचताना 'यात कोणाचे काय उघड केले आहे' एवढेच शोधणारे वाचक आम्ही पाहतो, आणि कधी कधी ते आम्हीच असतो.

४ जानेवारी २०१० रोजी हार्ट आणि मायकल्स पुन्हा रिंगणात समोरासमोर आले. बारा वर्षे उलटली होती. हार्ट मधल्या काळात, २००२ मध्ये, पक्षाघातातून उठला होता. दोघे बोलले, हस्तांदोलन केले, मायकल्स लाथ मारणार असे क्षणभर वाटले आणि त्याने मिठी मारली. हे खरे होते की ठरवलेले? आमच्या मते दोन्ही होते, आणि त्यात विसंगती नाही. ज्या रिंगणात विश्वास मोडला तेथेच, कॅमेऱ्यांसमोर, हार्टने पुन्हा त्या माणसाच्या लाथेच्या टप्प्यात उभे राहण्याचे मान्य केले. लग्नातील मंत्रही ठरलेलेच असतात. म्हणून ते लग्न खोटे ठरत नाही.

वर्गातील त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आता बदलले आहे. होय, ते खोटे असते, आणि ते खोटे राहावे यासाठी दोन माणसांना एकमेकांशी फार खरेपणाने वागावे लागते. माँट्रियलमध्ये एकजण तसा वागला नाही म्हणून ती लढत खरी झाली. बार्थ त्यानंतरच्या तासाला घ्यावा.