वसतिगृहांतील कचऱ्याचे मूळ मेसच्या कंत्राटात

नवी दिल्ली : घनकचरा व्यवस्थापनाचे २०२६चे नियम १ एप्रिलपासून लागू झाल्याने देशभरातील विद्यापीठे, महाविद्यालये आणि त्यांची वसतिगृहे यांच्यावरील जबाबदारी वाढली आहे. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा अशा चार प्रकारांत कचरा जागीच वेगळा करणे आता बंधनकारक आहे. या नियमाच्या पालनाचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे चार रंगांचे डबे विकत घेणे आणि आवाराच्या एका कोपऱ्यात खताचा खड्डा बांधणे. तेवढ्याने नोंदवहीतील रकाने भरतील. मात्र कचरा कमी होईलच असे नाही. वसतिगृहातील कचऱ्याचा मोठा भाग डब्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, मेसच्या कंत्राटात, दुकानाच्या परवान्यात आणि सत्राच्या वेळापत्रकात ठरून गेलेला असतो.

नियम काय सांगतात

दिवसाला सरासरी १०० किलोपेक्षा अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना २०१६च्या नियमांनीही मोठे कचरा उत्पादक मानले होते आणि त्या व्याख्येत विद्यापीठे व वसतिगृहे यांचा नावानिशी उल्लेख होता. नव्या नियमांनी ही व्याख्या अधिक काटेकोर केली आहे. २० हजार चौरस मीटर किंवा अधिक बांधकाम क्षेत्र, दिवसाला ४० हजार लिटर किंवा अधिक पाणीवापर, अथवा दिवसाला १०० किलो किंवा अधिक कचरा, यांपैकी एक निकष पूर्ण झाला तरी संस्था या वर्गात येते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई १३५ लिटरचे मानक धरले जाते. त्या हिशेबाने ३०० विद्यार्थ्यांचे वसतिगृहही पाण्याची मर्यादा ओलांडते. अशा संस्थांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करावी आणि ते शक्य नसल्यास विहित प्रमाणपत्र घेऊन त्याची किंमत मोजावी, अशी ही व्यवस्था आहे.

मेसचे गणित

हजार विद्यार्थी जेवत असलेल्या मेसमध्ये प्रत्येकाने दिवसभरात केवळ १०० ग्रॅम अन्न ताटात टाकले, तरी १०० किलोंची मर्यादा एकट्या उष्ट्यानेच गाठली जाते. वर्षात मेस २५० दिवस चालते असे धरले, तर हे अन्न २५ टन भरते. पातेल्यात उरलेला भात, वाळलेल्या पोळ्या आणि भाजीची देठे त्यात धरलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२मध्ये जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यात भोजनसेवा क्षेत्राचा वाटा २८ टक्के होता. वसतिगृहांच्या मेस याच क्षेत्रात मोडतात.

या नासाडीचा दोष बहुधा विद्यार्थ्यांच्या माथी मारला जातो. ‘अन्न वाया घालवू नका’ अशा पाट्या लागतात, कुठे दंडही ठरतो. परंतु बहुतेक मेसचा व्यवहार पाहिला, तर प्रश्नाचे दुसरे टोक दिसते. विद्यार्थी महिन्याचे किंवा सत्राचे ठरावीक शुल्क आधीच भरतो. कंत्राटदाराला नोंदलेल्या संख्येप्रमाणे पैसे मिळतात. रविवारी रात्री किती जण बाहेर जेवणार, परीक्षेच्या सकाळी किती जण नाश्ता टाळणार, जोडून आलेल्या सुट्टीत किती जण गावी जाणार, हे स्वयंपाकघराला कळवण्याची सक्ती नसते आणि कळवून विद्यार्थ्याचा फायदाही नसतो. गैरहजेरीची सूट अनेक ठिकाणी सलग काही दिवस बाहेर राहिल्यासच मिळते. एका वेळच्या जेवणासाठी ती नसते. कमी पडल्यास ओरड होईल, या भीतीने स्वयंपाकी पूर्ण संख्येचा अंदाज धरतो. अन्न उरले की त्याचे पैसे पालकांनी आधीच भरलेले असतात.

विभागणीची जुनी रीत

याला पर्याय देशातच आहेत. तमिळनाडूतील अनेक महाविद्यालयीन वसतिगृहांत मेसचा प्रत्यक्ष खर्च महिनाअखेर विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या दिवसांप्रमाणे विभागला जातो. धान्य, भाजी, दूध आणि गॅस यांचा हिशेब फलकावर येतो आणि वाया गेलेल्या अन्नाचा भार प्रत्येकाच्या बिलात उतरतो. अशा मेसमध्ये विद्यार्थ्यांची समिती किती शिजवायचे याकडे लक्ष देते, कारण पैसा तिच्या सभासदांचा असतो. ही पद्धत निर्दोष नाही. हिशेब ठेवणारे बदलले की शिस्त ढिली पडते आणि महागाईचा फटका थेट विद्यार्थ्याला बसतो.

जेवणाच्या प्रत्येक ताटामागे पैसे घेण्याची दुसरी पद्धत नासाडी आणखी कमी करू शकते; पण तिच्यात मोठा धोका आहे. घरून तुटपुंजे पैसे येणारा विद्यार्थी खर्च वाचवण्यासाठी रात्रीचे जेवण टाळू लागेल. शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा मिळणाऱ्यांच्या बाबतीत ही शंका अनाठायी नाही. कचरा कमी करताना विद्यार्थ्याचे पोट मारले जात असेल, तर त्याला सुधारणा म्हणता येणार नाही.

म्हणून मधला मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. स्वयंपाक्यांचे वेतन, भांडी, वीज यांसारखा स्थिर खर्च सर्वांकडून समान घ्यावा. शिध्याचा खर्च मात्र जेवलेल्या वेळांप्रमाणे आकारावा. आदल्या दिवशी कळवल्यास एका वेळची वजावट मिळावी आणि तिला मासिक मर्यादा असावी, म्हणजे जेवण टाळून पैसे वाचवण्याचा मोह मर्यादित राहील. कंत्राटदाराला किमान संख्येची हमी द्यावी आणि त्या बदल्यात उरलेल्या अन्नाचे रोजचे वजन नोंदवण्याची अट घालावी. पातेल्यात उरलेले आणि ताटात टाकलेले अन्न वेगवेगळे तोलले, तर कारणही वेगळे कळते. पातेल्यात उरले तर अंदाज चुकला. ताटात उरले तर वाढप मोठी होती किंवा पदार्थ बेचव होता. दुसऱ्या बाबतीत पाटी लावण्यापेक्षा स्वयंपाक सुधारणे अधिक उपयोगी पडते.

पातेल्यातील न वाढलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचवण्यासाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे २०१९चे विनियम उपलब्ध आहेत. मात्र रात्री दहा वाजता उरलेले वरण उन्हाळ्यात फार काळ टिकत नाही. वाटप हा शेवटचा आधार आहे. रोज वाटावे लागण्याइतके अन्न उरत असेल, तर अंदाज रोजच चुकत आहे.

दुकाने आणि सत्राअखेर

आवारातील दुकानांचा कचरा वजनाने हलका, पण हाताळायला अवघड असतो. एकल वापराच्या ठरावीक प्लास्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे प्लास्टिकच्या थाळ्या, पेले आणि चमचे नियमाने हद्दपार झाले. वेफर्सची बहुस्तरीय पाकिटे, शाम्पूच्या पुड्या आणि पाण्याच्या बाटल्या तशाच राहिल्या. चहाच्या कागदी कपालाही आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो साध्या रद्दीत जात नाही. दुकानांचे परवाने विद्यापीठच देते. काचेच्या किंवा स्टीलच्या पेल्यातच चहा, स्वच्छ पाण्याचे भरपूर नळ आणि बाटलीवर परत मिळणारी अनामत, या तीन अटी परवान्यात घालणे प्रशासनाच्या हाती आहे. अनामतीची रीत आपल्याकडे चालू शकते, हे निलगिरी जिल्ह्यात दिसले आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२मध्ये तेथील मद्याच्या बाटल्यांवर १० रुपये अनामत सुरू झाली आणि बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या.

मे-जूनमध्ये वसतिगृहे रिकामी होतात, तेव्हा गाद्या, बादल्या, कूलर, टेबल-दिवे आणि सायकली मागे राहतात. पुढच्या सत्रात आलेला विद्यार्थी त्याच वस्तू बाजारातून नव्याने आणतो. दोन महिने वस्तू ठेवायला एक कुलूपबंद खोली, चिठ्ठी लावण्याची व्यवस्था आणि प्रवेशाच्या आठवड्यात स्वस्त विक्री एवढ्यावर हा कचरा बराच टळू शकतो.

उरलेल्या कचऱ्याचे काय

एवढे करूनही काही कचरा उरणारच. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेला ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प स्वयंपाकघरातील कचऱ्यापासून इंधनवायू आणि खत देतो. परंतु त्याला वेगळा केलेला ओला कचरा लागतो; त्यात प्लास्टिक मिसळले की संयंत्र रखडते. वापरलेले सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून देण्याची सोय मुलींच्या प्रत्येक वसतिगृहात हवी. ती नसेल, तर तो कचरा सफाई कामगाराला हाताने निवडावा लागतो.

या कामगारांशी विद्यापीठांचे नाते कसे असू शकते, याचे उदाहरण पुण्यात आहे. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागाच्या कामातून कचरावेचक महिलांचे संघटन सुरू झाले आणि १९९३मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि पुणे महापालिकेसाठी घरोघरचा कचरा गोळा करू लागली. सुक्या कचऱ्याचे कंत्राट देताना अशा संस्थांचा विचार विद्यापीठांनी करायला हरकत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाची पर्यावरणस्नेही परिसरासाठीची ‘सतत’ ही चौकट २०१९पासून आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व मान्यता परिषदेच्या निकषांतही कचरा व्यवस्थापन येते. त्यामुळे संयंत्रांची छायाचित्रे अहवालांत असतात. रोज किती अन्न शिजले, किती जण जेवले आणि किती उरले, हे तीन आकडे मात्र क्वचितच दिसतात. अनेक ठिकाणी मेसची कंत्राटे नव्या शैक्षणिक वर्षापूर्वी नव्याने होतात. यंदाच्या निविदेत या तीन आकड्यांची अट आहे की नाही, हे विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी विचारावे. नवा नियम आवारात खरोखर पोहोचला का, हे त्या उत्तरावरून कळेल.