दारची कोंबडी फुकटची नव्हे

आमच्या अलिबाग-मुरुडच्या पट्टीत कोणत्याही आळीत शिरावे आणि घरधन्यास विचारावे की, "काय हो, तुमचे उत्पन्न काय?" तो भात सांगेल, वाडीतली सुपारी सांगेल, होडीतला वाटा सांगेल, मुलगा कंपनीत असला तर त्याचा पगारही सांगेल. पण त्याच्या पायाशी दाणे टिपीत हिंडणाऱ्या दहा कोंबड्या तो सांगणार नाही. मुद्दाम विचारले तर हसून म्हणेल, "ते कसले उत्पन्न? ती बायकांची हौस. फुकट वाढतात, फुकट जातात." वाचकहो, ह्या 'फुकट' शब्दाशीच आमचे भांडण आहे. ह्या एका शब्दाने आमच्या घरांचे जे नुकसान केले आहे ते घारीने नि मुंगसाने मिळून केले नसेल.

कोंबडी फुकट वाढते म्हणजे काय, ते एकदा नीट पाहू. तांबडे फुटण्याच्या आत खुराडे उघडतो कोण? कणी-कोंडा भिजवून टाकतो कोण? कोणती कोंबडी आज अंड्याला आली, कोणती शेजारच्या पेंढ्यात चोरून घालते, कोणती खुडूक झाली, हे ध्यानात ठेवतो कोण? पाटीत पेंढा घालून तिच्याखाली बारा-तेरा अंडी मांडायची, सातव्या-आठव्या रात्री एकेक अंडे उजेडासमोर धरून वांझ अंडी वेगळी काढायची, एकवीस दिवस तिला वेळेवर दाणापाणी द्यायचे, पिले निघाली की कावळ्या-घारीच्या भीतीने त्यांवर डालगे पालथे घालायचे, आणि तिन्हीसांजेला सगळी मोजून आत घ्यायची. एक कमी भरली तर कंदील नाहीतर मोबाईलची बत्ती घेऊन कुंपणाकडेने हाका मारीत फिरायचे. हे सारे घरची बाई करते, आणि शेतावरचे, मासळीचे नि चुलीचे काम आटोपून मग करते. तिच्या ह्या कष्टांना मजुरी नाही, म्हणून आपण कोंबडीला फुकटची म्हणतो. म्हणजे खरोखर फुकट काय ठरले? कोंबडी नव्हे, बाईचे कष्ट.

आणि त्या कष्टांचा पैसा कोठे जातो तेही पाहा. मुलांच्या वह्या, म्हातारीचे औषध, बचतगटाचा हप्ता, पाहुणा आला तर साखर-चहा, हे बहुतेक घरी अंड्याच्या पैशांतूनच निघते. आषाढात गटारीच्या आधी कोंबड्याला मागणी येते, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीच्या मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यावर अंडी लागतात, आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे लोक किनाऱ्यावर उतरले की 'गावठी आहे का?' म्हणून विचारणा होते. पाच-दहा कोंबड्यांचे हे किरकोळ प्रकरण, असे कोणी म्हणू नये. २०१९ सालच्या पशुगणनेत देशात सर्व मिळून सुमारे ८५ कोटी कोंबड्या-बदके भरली; त्यांपैकी ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास दारची, परसातली होती. तीनांत एकाहून अधिक पक्षी आमच्यासारख्यांच्या अंगणात आहेत.

आता आमची स्वतःचीच गोष्ट सांगतो. दुसऱ्यास शहाणपण शिकविणाऱ्याने आधी आपली चूक सांगावी हे बरे. आम्ही अध्यापक विद्यालयात शिकून मास्तर झालो, रोगजंतूंचा धडा मुलांना दरसाल शिकवितो. आमच्या घरी चौदा कोंबड्या होत्या. कारभार आमच्या कुटुंबाचा. दोन वर्षांपूर्वी चैत्रात त्यांनी आम्हास म्हटले, "खालच्या आळीत कोंबड्या माना टाकताहेत. दवाखान्यात विचारून या ना." आम्ही म्हटले, "बघू, रविवारी." रविवार आला नि गेला. पुढच्या आठवड्यात एक कोंबडी पिसे फुगवून कोपऱ्यात बसली, हिरवट-पांढरे हगू लागली, चोच उघडून श्वास घेऊ लागली, आणि तिची मान पिळल्यासारखी वळली. आठ दिवसांत चौदांपैकी अकरा गेल्या. आम्ही समजूत घालायला म्हणालो, "जाऊ दे, कोंबड्याच त्या." कुटुंब काही बोलले नाही. मागून कळले की थोरल्या मुलीच्या परीक्षेची फी ते त्याच पैशांतून भरणार होते. चारशे रुपयांना एक धरली तरी चार हजार चारशे रुपये मातीत गेले, आणि अंडी वेगळीच. आमच्या खिशातून कोणी तेवढे पैसे काढून घेतले असते तर आम्ही गाव गोळा केला असता!

हा रोग म्हणजे मानमोडी. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावावरून त्यास राणीखेत रोग असेही नाव पडले. तो आला की आपल्याकडे दोन उपाय चालतात. एक, आजारी कोंबडी घाईने कापून खाणे किंवा विकून टाकणे. म्हणजे आपला रोग दुसऱ्याच्या आळीत धाडणे. दुसरा, भगताकडे जाणे. भगत काय सांगतो? गावदेवीचा कोप आहे, एक कोंबडा द्या. वाहवा रे उपाय! कोंबड्यांवर संकट आले म्हणून वाचलेला एकुलता एक कोंबडाही द्यायचा! आम्ही कोणाच्या देवावर बोलत नाही. श्रद्धा असेल त्याने खुशाल नारळ ठेवावा. पण मानमोडी कोपाने येत नाही. ती जंतूने येते. बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीबरोबर, माणसांच्या पायांबरोबर, उकिरड्यावर फेकलेल्या पिसांबरोबर ती घरात शिरते. एकदा शिरली की तिला औषध नाही. पण आधी टोचून घ्यावे अशी लस आहे, आणि ती आपल्या देशात १९४० च्या दशकापासून तयार होते. आमच्या आजोबांच्या काळी जी लस निघाली तिचा थेंब आमच्या नातवंडांच्या काळापर्यंत खुराड्यात पोहोचू नये, ह्याला दैव म्हणावे की आळस?

लस महाग आहे म्हणावे तर तसेही नाही. पिलू पहिल्या आठवड्यात असताना 'लासोटा' लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत टाकावा, महिन्याच्या सुमारास तीच पुन्हा द्यावी, आणि दोन महिन्यांचे झाले की 'आर-टू-बी' ही लस टोचावी. दर पक्ष्यामागे खर्च अगदी थोडा. मग अडते कोठे? अडते बाटलीत. लसीची बाटली साधारण शंभर पक्ष्यांची किंवा त्याहून मोठी येते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोन-एक तासांत संपवावी लागते. ज्याच्या घरी दहाच कोंबड्या, त्याने नव्वद मात्रा ओतून द्यायच्या काय? म्हणून तो ती आणीतच नाही, आणि दवाखान्यालाही एका घरासाठी बाटली फोडणे परवडत नाही. पण दहा घरांनी एक दिवस ठरविला, थंड पेटी घेऊन एकाने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे असे केले, आदल्या रात्री कोंबड्या कोंडून ठेवल्या, तर सकाळच्या दीड तासात आळीचे काम उरकते. ज्या अलिबाग तालुक्यात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून १९३९ पर्यंत संप चालविला, पोटाला चिमटा घेऊन शेते पडीत ठेवली, पण फूट पडू दिली नाही, त्या तालुक्यात दहा घरांस एका बाटलीसाठी एकत्र येता येऊ नये? मोठ्या लढ्यात एकजूट आणि छोट्या कामात ज्याचा तो, ही आपली जुनी खोड आहे. ती आता सोडली पाहिजे.

लसीच्या जोडीला थोडी निगाही हवी, आणि तिला लागणारे सामान किनाऱ्यावर पडलेले आहे. आपला पाऊस आठवडा आठवडा उघडत नाही. जमिनीलगतच्या ओल्या खुराड्यात पिलांना रक्ती हगवण लागते. म्हणून खुराडे हात-दीड हात उंच करावे, खाली तूस घालावे, ओले झाले की काढून कोरडे घालावे. अंड्याचे कवच पातळ निघत असेल तर तिसऱ्यांचे शिंपले भाजून, कुटून चुरा ठेवावा. सुकटीचा नि जवळ्याचा पडलेला चुरा मूठभर द्यावा. मात्र खारवलेली मासळी देऊ नये, मिठाने कोंबडी मरते. चुलीची राख एका खड्ड्यात टाकली की कोंबड्या तीत लोळतात आणि पिसवा कमी होतात. गिरिराज, वनराज ह्या सुधारलेल्या जाती गावठीहून अधिक अंडी देतात, पण त्या सहसा अंड्यांवर बसत नाहीत. म्हणून त्या आणल्या तरी खुडूक होणारी एक-दोन गावठी घरी असू द्यावी. तिच्याखाली सगळ्यांची पिले निघतात.

दुसरे संकट मोठे आहे, आणि त्याला मानमोडीची लस चालत नाही. १९३० च्या जंगल सत्याग्रहाने ज्याचे नाव झाले त्या उरण तालुक्यातल्या चिरनेर गावी जानेवारी २०२५ मध्ये बर्ड फ्लू निघाला आणि तेथल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. रोग पसरू नये, माणसास होऊ नये, म्हणून हे करावेच लागते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या लपवू नका, हाताळू नका, खाडीत फेकू नका. दवाखान्यात वर्दी द्या. आमची तक्रार मोबदल्याबद्दल आहे. २०२१ सालच्या साथीत राज्य सरकारने मारलेल्या पक्ष्यांचे जे दर जाहीर केले त्यांत अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीस ९० रुपये आणि अंड्यास ३ रुपये होते. हा हिशेब पिंजऱ्यातल्या हजारो कोंबड्यांच्या कारखान्याचा. अंगणात वर्षभर राखलेली, पिले काढणारी, बाजारात चारशेला जाणारी गावठी कोंबडी त्यात बसत नाही. नव्वद रुपये मिळणार म्हटल्यावर बाई वर्दी देईल की रातोरात कोंबड्या बहिणीच्या गावी पोहोचवील? मोबदला कमी ठेवणे म्हणजे रोग लपवायला सांगणेच होय. गावठी कोंबडीचा दर वेगळा ठरावा आणि पैसे जिचे खुराडे तिच्या खात्यात जमा व्हावेत, असे ठराव आमच्या ग्रामसभांनी करावेत. पण ठराव करायचा तर आधी आपणच तिला फुकटची म्हणणे सोडले पाहिजे. घरधन्याने ज्याची किंमत शून्य धरली त्याचे सरकार नव्वद देते हीच मेहेरबानी, असे उद्या कोणी म्हटले तर आपण काय उत्तर देणार?

शेवटची गोष्ट शाळेतली. नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यास एक अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचा निर्णय राज्य सरकारने केला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा पैसा सरकारने थांबविला. द्यायचे तर लोकवर्गणीतून द्या म्हणून सांगितले. हे चुकीचे झाले असे आमचे स्पष्ट मत आहे. गरिबाच्या मुलाच्या ताटातले आठवड्याचे एक अंडे उचलून काही राज्याची तिजोरी भरत नाही. पण तेव्हा आम्ही वर्गात सहज विचारले, "कोणाकोणाच्या घरी कोंबड्या आहेत?" बहुतेक सगळे हात वर झाले. मग विचारले, "ह्या आठवड्यात घरचे अंडे कोणी खाल्ले?" तीन हात राहिले. एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, आमची अंडी कॉटेजवाले नेतात."

त्या दिवसापासून आम्ही हा हिशेब मनाशी करीत आहो. दहा गावठी कोंबड्या, दरेकीची वर्षाला साठ अंडी धरली, तर सहाशे. घरात दोन मुले, दरेकास आठवड्यास तीन अंडी, तर वर्षाची तीनशे बारा. पाच वेळा कोंबडी बसविली, बारा बारा अंडी घातली, तर साठ. विकायला दोनशे अठ्ठावीस उरतात. म्हणजे मुलांनी खाऊनही विक्री बंद होत नाही. आणि लसीने पिले वाचली तर पुढच्या वर्षी दहाच्या पंधरा होतील.

तात्पर्य, बंधुभगिनींनो, आम्ही फार मोठे काही मागत नाही. आळीने वर्षातून दोन दिवस लसीचे ठरवावेत. अंडे आधी घरच्या पोरांच्या ताटात पडावे, मग बाजारात जावे. आणि घरधन्याने शाळेतल्या एका जुन्या वहीत खुराड्याचा जमाखर्च घालावा. किती अंडी, किती पिले, किती गेली, किती आले. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहवून घ्यावे. तिचे गणितही सुधारेल. वर्षअखेर बेरीज केली म्हणजे ही 'बायकांची हौस' घराचे किती खर्च भागविते ते कळेल, आणि कदाचित कणी-कोंडा टाकायला सकाळी आपणही उठू.

आमच्या घरी सध्या नऊ कोंबड्या आहेत. वही मुलगी लिहिते. लसीची पेटी आणायला ह्या खेपेस आम्ही रविवारची वाट पाहिली नाही.

— एक खेड्यातला शिक्षक