व्हिडिओ बघू द्या, पण पारखून

‘बाळंतिणीच्या हातातला मोबाईल काढा, आजीचं ऐका’ हे पत्र वाचलं. मोबाईलबद्दलची चिडचिड समजते. पण आजीचं काय काय ऐकायचं? पहिलं पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकायला सांगणाऱ्या आणि बाळाला मध चाटवणाऱ्या आज्या आर्वी तालुक्यातही आहेत. मी परिचारिका म्हणून त्यांच्याशी खूप वाद घातलेत!

स्तनपानाचा व्हिडिओ पारखायचे निकष साधे आहेत. व्हिडिओ कोणी केला? शेवटी पावडरचा डबा किंवा बाटली विकतोय का? दोन वर्षांखालील बाळांच्या अशा उत्पादनांच्या जाहिरातीला आपल्याकडे 1992च्या कायद्याने बंदी आहे. आणि मुख्य म्हणजे, बाळाने स्तन तोंडात कसा धरायचा हे नीट दाखवलंय का? तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, तोंडात नुसतं टोक नाही तर भोवतीचा काळा भागही. ‘दूधच येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा इथेच सुटते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे स्तनपानाचे व्हिडिओ हे सगळं दाखवतात, तेही मराठीत.

स्तनपानासाठी देशभर झटणारी बीपीएनआय ही संस्था 1991मध्ये आपल्या वर्ध्यातच स्थापन झाली, हेही पत्रलेखकांना कळावं.

व्हिडिओ पाहूनही दुखत असेल, चिरा पडल्या असतील किंवा बाळाचं वजन वाढत नसेल, तर मोबाईल ठेवा आणि उपजिल्हा रुग्णालय गाठा.

— एक निवृत्त परिचारिका, आर्वी (जि. वर्धा)