भिंत पाडण्याआधी शेजाऱ्याला बोलवा

औशाच्या जुन्या वस्तीत शेजारच्या घराचं काम निघाल्याची बातमी कितीतरी वेळा जेसीबीच्या आवाजानेच कळते. फार तर आदल्या संध्याकाळी निरोप येतो, ‘काका, उद्या भिंत पाडायलोत, सामान जरा सरकवून घ्या.’ सामान सरकवता येतं. त्याच भिंतीत रुतलेली माळवदाच्या नाटांची टोकं कुठे सरकवणार?

इकडची जुनी दगडमातीची भिंत दोन-अडीच फूट जाड असते. दिसायला एकसंध, पण एक तोंड या घराकडे, दुसरं त्या घराकडे आणि मध्ये माती-चिपांची भर. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार दगड नसतील, तर एका बाजूचे दगड काढताच दुसरी बाजू फुगू लागते. त्यात पाऊस मुरला की ती बसते. मालक म्हणतो, ‘मी माझीच निम्मी भिंत काढली.’ अशा भिंतीची निम्मी वाटणी होतच नाही.

हे औसा तालुक्याला कोणी नव्याने सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी याच तालुक्यातल्या किल्लारीत अशाच भिंती आणि त्यांवरची मातीची जड छतं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो जीव गेले, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. त्यानंतर गवंड्यांना जुन्या भिंतींना भोकं पाडून, सळई आणि काँक्रीट भरून दोन्ही तोंडं जोडायला शिकवलं गेलं. भारतीय मानक 13828 सांगतं की अशा भिंतीत उंचीला दर 60 सेंटिमीटरवर आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटरवर आरपार दगड हवा. हे शहाणपण फार मोठी किंमत मोजून मिळालं आहे.

कागदावर मात्र या जाडीला जागा नाही. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते. त्याआधी मिळकतीच्या हद्दीवर चुन्याची रेघ ओढतात. सामाईक भिंतीवर ती रेघ मालकी दाखवते. कोणाचं छत कोणाच्या दगडांवर टेकलं आहे, हे दाखवत नाही.

सामाईक भिंत एकट्याने पाडता येत नाही, हे तत्त्व न्यायालयं मानतात. पण मनाई हुकमासाठी धावपळ होईपर्यंत भिंत खाली आलेली असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी 1996 चा स्वतंत्र कायदा आहे. सामाईक भिंतीला हात लावण्याआधी किमान दोन महिने शेजाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते आणि संमती मिळाली नाही तर तज्ज्ञ नेमून मार्ग काढला जातो.

औशातही एवढं करणं अवघड नाही. नगरपरिषदेने जोडघराच्या बांधकाम परवानगीसोबत शेजाऱ्याला दिलेल्या नोटिशीची पोच, भिंतीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि टेकू कसा देणार याचा अभियंत्याने सही केलेला आराखडा बंधनकारक करावा. ग्रामपंचायतींनी गोठ्याच्या भिंतीलाही हाच नियम लावावा. यात नवं घर बांधणाऱ्याला अडवून धरण्याचा हेतू नाही. शेजाऱ्याने विनाकारण संमती रोखली, तर नगरपरिषदेच्या अभियंत्याने पाहणी करून पंधरा दिवसांत निर्णय द्यावा. बांधकामं उन्हाळ्यात निघतात आणि उघडी पडलेली मातीची भर मृगाच्या पावसात भिजते. म्हणून हा नियम येत्या चैत्राआधी व्हायला हवा.