पोबारा, फरार, हिजरत

एखाद्या ठिकाणाहून एकाएकी निघून जाणे याला इंग्रजीत शब्द किती, असे आम्ही मुलांना विचारतो. 'एस्केप', 'फ्लाइट', 'अॅब्स्काँड' अशी यादी फळ्यावर वाढत जाते. न सांगता निघून जाण्याला इंग्रज 'फ्रेंच लीव्ह' म्हणतात, आणि फ्रेंच लोक त्यालाच इंग्रजी पद्धतीने सटकणे म्हणतात. खोड शेजाऱ्यावर ढकलण्याची रीत सगळीकडे सारखीच!

पण आपल्या घरातले शब्दही काही कमी नाहीत. गाशा गुंडाळणे घ्या. गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचे कापड. मूळ अरबी शब्द गाशिया, म्हणजे झाकून टाकणारी. कुरआनच्या 88 व्या सूरहचे नाव हेच आहे. परागंदा हा फारसी शब्द, अर्थ विखुरलेला. उर्दूत मन परागंदा होते, मराठीत आख्खा माणूसच होतो. पोबाऱ्याची तर गंमतच आहे. चौसरीत फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की 'पौ बारह', म्हणजे मोठे दान. उर्दूत ज्याचे पौ बारह झाले त्याचे लोक अभिनंदन करतात, मराठीत ज्याने पोबारा केला त्याच्यामागे पोलीस लागतात.

हे शब्द वाटतात तितके साधे नाहीत. माणूस का गेला हे कळायच्या आधीच त्यांच्यात निकाल लागलेला असतो. ऑगस्ट 1666 मध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निघाले. त्याला मराठीत कोणी पळ काढणे म्हणत नाही, 'आग्र्याहून सुटका' म्हणतात, आणि तेच बरोबर आहे. ज्याने कोंडले त्याच्या दफ्तरात मात्र सुटलेला माणूस फरारीच असतो.

इ.स. 622 च्या हिजरतीला जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'फ्लाइट' म्हटलेले आढळते. हा शब्द आम्हाला नेहमी खटकतो. हिजरत म्हणजे नाते तोडून, सोडून जाणे. त्यात जीव वाचवण्याची घाई होती, जाणे रात्रीचे आणि गुपचूप होते, हे खरे. पण मक्केच्या लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे ठेवलेल्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी हजरत अली (रजि.) मागे थांबले होते. जे जिवावर उठले होते त्यांच्याही ठेवी त्यात होत्या. पळून जाणारा मागे असा हिशोब ठेवत नाही.

आमच्या कागलात गैबी चौक आहे. रोज हजार माणसे तिथून जातात, नाव उच्चारतात. गैब म्हणजे जे दिसत नाही ते. 'गायब' त्याच धातूचा. उर्दू व्याकरणात बोलणारा तो मुतकल्लिम, समोर असलेला तो हाजिर, आणि ज्याच्याविषयी बोलतो तो तिसरा, म्हणजे गायब. मागे माणसाची निंदा करणे ती गीबत, तीही याच घरातली. माणूस गायब झाला की त्याची गीबत सुरू होते, हे अरबी भाषेला आपल्या आधी कळले असावे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या वर्गातली एक मुलगी आलीच नाही. वडील पंचतारांकित एमआयडीसीत कामाला, मूळ गाव लांब उत्तरेत. चौकशीला गेलो तर खोलीला कुलूप. नळावर बायका म्हणाल्या, पोबारा केला. घरमालकाच्या मुलाने 'फरार' असा शब्द वापरला. तो मोबाइलवर गुन्ह्यांच्या मालिका फार बघतो. कोणी कर्ज सांगितले, कोणी भांडण, कोणी त्याहून वाईट. एकालाही धड ठाऊक नव्हते, पण प्रत्येकाकडे शब्द तयार होता.

कोपऱ्यावरचा किराणावाला वजन करत होता. त्याला विचारले. काट्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "गावाकडं गेल्यात, गुरुजी. आई शिरेस होती म्हणं. रातीची गाडी हुती, तरी सांजंला येऊन माझी उधारी चुकती करून गेला."